पाण्याखालचा रसूल

उन्हं अंगणात उतरायच्या आतच खजेनं हमदमीनच्या दारात कुदळ आपटली आणि आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "ऊठ रं हमदमीन! लई चहा ढोसलास. माझा माणूस वर काढायचाय."

हमदमीन भिंतीला टेकून बसला होता. हातात चहाचा पेला, तोंडात साखरेचा खडा. त्यानं खडा या गालातून त्या गालात नेला आणि मुद्दाम विचारलं, "कंचा माणूस?"

"किती माणसं केली म्या? एकच केला, आन् तो खाली धरणात हाय."

"मग हाय की. चाळीस वरसं पाण्यात हाय त्यो. आता आनखी भिजायचा काय ऱ्हायलाय?"

मी माझ्या घराच्या धाब्यावर तंबाखूची पानं उलटीत होतो. मला हसू आलं. खजेनं मान वर केली. "बायजा, दात काढू नगंस. तूबी येणार हायस. फावडं घे." माझं नाव बायीझ, पण ते तिनं कधी नीट उच्चारलं नाही. सख्खी आत्या नव्हती ती माझी, तरी सगळा गाव तिला 'पूरे' म्हणूनच हाक मारी आणि तिच्या तोंडाला भिऊन असे.

"माझं गुडघं दुखत्यात," हमदमीन म्हणाला.

"परवा बोकड विकायला डोंगर उतरून गेलास, तवा गुडघं काय घरी ठेवलं हुतंस?"

"तवा बोकड पुढं वढत हुता."

"मग आज मी वढते. चल."

"आगं पन कशापायी? दर गुरुवारी पाण्याला फातिहा वाचतीस, पाण्यात भाकरी टाकतीस. तुझ्या दुव्यानं धरणातलं मासं गुबगुबीत झालं. चाललंय त्ये बरं न्हाय का?"

असं तो नेहमीच बोलायचा. एरवी खजेनं त्याच्या सात पिढ्या उकरल्या असत्या. त्या दिवशी मात्र तिनं कुदळीच्या दांड्यावर दोन्ही हात टेकले.

"मला आता लई दिस न्हाईत हमदमीन," ती म्हणाली. "छातीत भाता चालल्यावानी व्हतंय. मेल्यावर तुमी मला टेकडीवर पुराल. शेजारी कोण? एकीकडं माती आन् एकीकडं माती. हितं जलमभर एकटी निजले. तिथं तरी नगं रं. पाणी हटलंय तवर त्याला वर आणून दे. खालच्या जागा तुझ्याबगर आता कुनाला ठाव्या हायत?"

हमदमीननं पेला खाली ठेवला. उठताना त्याचे गुडघे खरंच कडकड वाजले.

धरणाची भिंत उभी राहिली त्या हिवाळ्यात गावानं घरं मोडली, तुळया काढल्या, दारं काढली आणि सगळं टेकडीवर आणलं. मेलेली माणसंही आणली. जिवंत वर आणि मेलेली खाली, असं कसं चालेल? ज्यानं त्यानं आपली कबर उकरली, हाडं पांढऱ्या कापडात बांधली आणि खेचरावर घालून वर नेली. त्याला आमच्या गावचे दोन नेम होते. रक्ताचं माणूस हजर असल्याशिवाय कुणाची कबर उघडायची नाही, हा एक. आणि लेकानं बापाची हाडं डोळ्यांनी बघायची नाहीत, हा दुसरा. परक्यानं उचलायची. परकं कुणी नसेल तर लेकानं आधी कापड टाकायचं, तोंड फिरवायचं आणि कापडाआडून चाचपत गोळा करायची.

खजेचा नवरा रसूल त्याआधी पाच-सहा वर्षं गेला होता, ऐन तिशीत, छातीच्या दुखण्यानं. तिच्या भावांनी तिला पोरासकट खिंडीपलीकडं माहेरी नेलं होतं. त्या हिवाळ्यात खिंड बर्फानं बंद झाली. गाव हलतंय हा निरोप तिला पोचला तो बर्फ वितळल्यावर. ती पोराचा हात धरून धावत आली, तर कब्रस्तानावर पाणी चढलेलं. सगळ्यांची माणसं वर आली होती. रसूल तेवढा खाली राहिला.

ती मग परत गेली नाही. नव्या गावाच्या अगदी शेवटाला, पाण्याकडं तोंड करून, तिनं दोन खोल्या उभ्या केल्या. घरामागं चढावर नवं कब्रस्तान, घरापुढं धरण. गुरुवारी संध्याकाळी गावच्या बाया हलवा आणि भाकरी घेऊन वर आपापल्या कबरींकडं जायच्या आणि ही एकटी खाली उतरायची. काठावर बसून पाण्याशी बोलायची, रडायची, तोंड धुऊन घरी यायची. लहानपणी आम्ही पोरं तिच्या नकला करायचो. तिनं एकदा दगड मारून माझं कपाळ फोडलं, ते बरंच केलं.

यंदा दुसरा हिवाळा बर्फाशिवाय गेला होता. पाणी असं हटलं की धरणाच्या भिंतीचं पांढरं पोट उघडं पडलं. आधी तुतीची खोडं वर आली, मग घरांचे पाये, मग मशिदीचा चौथरा. शरदात कब्रस्तानही कोरडं पडलं. मुल्लानं परवानगी दिली. टेकडीवर खजेनं स्वतःसाठी जागा राखली होती, तिच्या शेजारी नवी कबर खणून तयार झाली. खिंडीवर ढग जमायला लागले होते, आणि एकदा पाऊस लागला की पाणी परत चढणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

तर आम्ही तिघं खाली उतरलो. हमदमीन, मी आणि खजेचा मुलगा दिलेर. दिलेर स्वभावानं गरीब. आईपुढं त्याचं कधी काही चाललं नाही आणि चालावं असं त्याला वाटलंही नाही. खजेलाही यायचं होतं, पण मुल्लानं अडवली. "तू वर ऱ्हा. हलवा कर. नवरा घरी येतोय तुझा," तो म्हणाला, आणि ती नव्या नवरीवानी लाजून आत गेली. ते बघून बायकांनी पदर तोंडाला लावले. कोण हसत होती, कोण रडत होती, देव जाणे.

खाली सगळीकडं भेगाळलेला गाळ. वरून टणक आणि आत लोण्यासारखा मऊ. पाय पडला की गुडघ्यापर्यंत आत जायचा आणि कुजका वास नाकात घुसायचा. हमदमीनला आम्ही दोघं माम, म्हणजे काका, अशी हाक मारायचो; तो काठी टेकत पुढं चालला होता. प्रत्येक घराच्या पायापाशी थांबून सांगत होता, "हे तुज्या आज्याचं घर, बायीझ. हितं आमचा तंदूर. ह्या खोडावर रसूल चढायचा. दातानं अक्रोड फोडायचा गडी! लग्नात पैजा लावायचे लोक."

"दाये अजून सांगती," दिलेर म्हणाला. आईला तो दायेच म्हणायचा. "म्हनती, त्येचे दात मला मिळाले न्हाईत."

मशिदीच्या भिंतीपाशी हमदमीन थांबला. काठीनं त्यानं तुतीच्या खोडाकडून अंतर मापलं. "हितं माझा बाप हुता, पीरोत. त्येला म्या वर नेला. त्याच्या म्होरं लगेच रसूल. त्याला कोरीव दगड नव्हता. खजेनं नदीतला काळा धोंडा ठेवला हुता."

फावडं मारलं तर खरंच धोंडा लागला. हमदमीनची आठवण पक्की होती. दिलेर पाठ करून बसला, नेमाप्रमाणं, आणि मी खणायला लागलो. गाळ पाण्यानं भिजलेल्या पिठासारखा, फावड्याला चिकटायचा. खणत गेलो, खणत गेलो. कबरीवर आडव्या फरशा असतात, त्या लागेनात. छातीइतका खड्डा झाला तरी गाळच. शेवटी जुनी घट्ट जमीन लागली आणि फावडं वाजलं.

"माम," मी म्हणालो, "हितं कुनी न्हाई."

"असं कसं? नीट बघ."

"फरशा न्हाईत. हाडाचा तुकडा न्हाई. कबर उघडून मोकळी केलेली हाय ही."

दिलेर पाठमोराच म्हणाला, "पाण्यानं नेला काय रं?"

"पाणी फरशा नेतंय व्हय?" हमदमीन चिडून म्हणाला, पण त्याचा आवाज बारीक झाला होता. तो माझ्याकडं बघत नव्हता. पलीकडच्या जागेकडं बघत होता, जिथून त्यानं बापाला वर नेलं होतं. "जरा हितं मार," तो म्हणाला. "उगं आपलं. हितं काय असायचं न्हाई."

मी तिथं खणलं. हातभरही नाही खणलं तोच फरशा लागल्या. एकाला एक लावून ठेवलेल्या, सांधे मातीनं लिंपलेले. पुरताना लावल्या तशाच. मी एक उचलली, दुसरी उचलली. आत पाणी झिरपलेलं होतं, पण माणूस जागच्या जागी होता. मी परका, मला बघायला हरकत नव्हती. मी जबडा हातात घेतला. त्यात एकही दात नव्हता. आणि ते आत्ता पडलेले नव्हते. हिरड्यांच्या जागचं हाड झिजून गुळगुळीत झालं होतं, म्हाताऱ्या माणसाचं होतं तसं.

मी जबडा हळूच खाली ठेवला. हमदमीननं माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "दात?"

मी मान हलवली.

तो तिथंच गाळात बसला. मग हळूहळू त्यानं सांगितलं, आम्हाला नाही, त्या फरशांना सांगितल्यासारखं. त्या दिवशी धरणवाल्यांचा ट्रक एकाच फेरीसाठी आला होता. तेव्हा जड ते आधी म्हणून गावानं कबरींचे कोरीव दगड उपटून ट्रकमध्ये भरले. हाडं मागाहून खेचरावर न्यायची ठरली. रात्रीत बर्फ पडलं, कंबरभर. सकाळी कब्रस्तान सगळं पांढरं. दगड नाही, खूण नाही. बाकीचे आदल्या सांजेलाच आपापली माणसं घेऊन गेलेले. हा विशीतला पोर, एकटा. बर्फाखाली कबरीचा उंचवटा हाताला लागला तो उकरला, तोंड फिरवून कापड टाकलं आणि नेमाप्रमाणं न बघता बाप उचलला.

"एक डाव बघितलं आस्तं तर," तो म्हणाला. "एक डाव डोळं उघडलं आस्तं तर. आई माझी मराय लागली तवा म्हनली, मला तुझ्या बापाच्या कुशीला घाल. घातली की रं म्या. रसूलच्या कुशीला घातली."

वारा सुटला होता. खिंडीवरचे ढग खाली सरकत होते. हमदमीननं माझा हात धरला. "बायीझ, ह्येलाच बांध. रसूल म्हनून वर नेऊ. दोघंबी टेकडीवर येत्यात, नावं तेवढी इकडची तिकडं. कुनाला कळतंय?"

मी दिलेरकडं बघितलं. तो अजून पाठ करून बसला होता, पण त्यानं सगळं ऐकलं होतं.

"माम," तो म्हणाला, "तुमी मला बापावानी. पन माझी आई जलमभर पाण्याशी बोलली. आता तिला परक्याशेजारी निजवू? आन् तिला सांगू की हा तुझाच हाय?"

हमदमीननं माझा हात सोडला. मी पीरोतची हाडं कापडात बांधली. चढ चढताना मी गठुडं मागितलं तर हमदमीननं दिलं नाही. नेम आता कसला, असं म्हणत छातीशी धरून तोच चालला. तीन ठिकाणी पडला, उठला. तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं दुवा म्हणतोय, पण तो बापाची माफी मागत होता.

वर सगळं गाव जमलेलं. बायका हलव्याची परात घेऊन उभ्या. खजेनं नवा झगा घातला होता, डोळ्यांत सुरमा घातला होता. गठुडं दिसताच ती पुढं झाली आणि हात पसरले.

हमदमीन थबकला. आता हा काय करतो, म्हणून मी बघत राहिलो. तो गुडघ्यावर बसला, त्या दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि म्हणाला, "खजे, ह्यो तुझा न्हाय. माझा बाप हाय ह्यो. तुझा म्याच आणला हुता वर. चुकून आणला. चाळीस वरसं झाली."

 कुणाच्यातरी हातातली परात हलली आणि वाजली.

"वर? वर कुठं?" खजेनं विचारलं.

त्यानं हात केला. तिच्या घराच्या मागं, चढावर, अक्रोडाच्या सावलीत त्याच्या आईबापाच्या दोन कबरी होत्या. तिच्या चुलीपासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या जवळ. तिथं त्याची सून नेमानं झाडलोट करायची. ईदेला तिथं भात वाढला जायचा. खजेनंही कितीदा तिथल्या भाताची वाटी घरी आणून खाल्ली होती.

ती मागं वळली आणि त्या झाडाकडं बघत राहिली.

"मी पान्याकडं तोंड करून रडत हुते," ती म्हणाली, "आन् तो माझ्या पाठीशी हुता."

हमदमीन कपाळ मातीला टेकवून रडायला लागला. गावातल्या म्हाताऱ्या बायका तिला धरायला धावल्या, पण ती पडली नाही, ओरडलीही नाही. उलट तिनंच दिलेरला खूण केली की त्या म्हाताऱ्याला उठव.

मुल्लानं मार्ग काढला. रक्ताची माणसं दोन्हीकडची हजर होती, नेमाला धरूनच होतं. अक्रोडाखालची कबर उघडली. मीच आत उतरलो. या वेळी तोंडभर दात होते, पांढरेशुभ्र, एकही पडलेला नाही. मी खजेकडं बघून मान हलवली आणि तिनं डोळे मिटले. पीरोतला त्याच्या बायकोच्या कुशीला ठेवलं. रसूलला नव्या कबरीत ठेवलं, खजेनं राखलेल्या जागेला लागून. माती लोटली, दुवा झाली, हलवा वाटला. पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले तसे लोक पांगले.

"झालं गं खजे," जाता जाता मुल्ला म्हणाला. "ज्याचं माणूस त्याच्या ठायी गेलं. आता मनाला लावून घेऊ नगंस."

खजे त्या ताज्या मातीपाशी बसून राहिली. रडली नाही. दिलेरनं तिच्या डोक्यावर पोतं धरलं. मी फावडी पुसत होतो. हमदमीन चार पावलांवर उभा होता, त्याला जावंही वाटत नव्हतं आणि जवळ यायचं धाडस होत नव्हतं.

"हिकडं ये," खजे म्हणाली. "बस."

तो बसला.

"बापाच्या कबरीवर बसून तू बोलायचास का रं? का निस्ता फातिहा वाचून पळायचास?"

"बोलायचो की," तो म्हणाला. "सगळं बोलायचो. घरातलं, गावातलं."

"मग सांग मला. तू जे काय बोललास ते माझ्या माणसानं ऐकलंय. मला ते समदं ऐकायचंय."

हमदमीननं बाहीनं नाक पुसलं आणि आठवून आठवून सांगायला लागला. पहिल्या वर्षी पाणी कसं चढत गेलं ते. शेळ्यांना रोग आला ते. पहिला मुलगा झाला तेव्हा कबरीवर गूळ ठेवला ते. बॉम्ब टाकणारी विमानं आली आणि गाव गुहेत जाऊन राहिलं, तेव्हा पळता पळता हाक मारून सांगितलं होतं की आम्ही परत येतो. मुलगा जर्मनीला गेला ते. बायको गेली ते. खजे एकेक ऐकत होती आणि मध्येच मान हलवत होती. कधी म्हणायची, "हे त्याला आवडलं असंल," कधी म्हणायची, "हे कशापायी सांगितलंस, उगं घोर लावलास त्याला."

मग ती थांबली. ओल्या मातीतला एक खडा वेचून तिनं बाजूला टाकला.

"माझं कधी काय बोललास?"

हमदमीननं मान खाली घातली. खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"बोललो," तो म्हणाला. "म्हनलं, बाबा, त्या रसूलची बायको येडी झालीया. गुरुवार आला की खाली काठावर जाऊन बसती आन् पान्याला हाका मारती. ऐकवत न्हाय म्हनलं. असं लई डाव बोललो गं खजे. हसत बोललो."

खजेनं दोन्ही हात मातीवर टेकले.

"म्हंजी त्याला ठावं हुतं," ती म्हणाली. "मी खाली बसती हे ठावं हुतं त्याला." आणि मग चाळीस वर्षांत गावानं कधी ऐकलं नाही असं ती रडायला लागली. "तर मग वरनं हाका मारल्या असतील रं त्यानं. मी हितं हाय खजे, मागं बघ, म्हनला असंल. आन् मी मेली खाली पान्याला कान लावून बसलेली."